कूलर बंद, रेकॉर्डिंग चालू

अकोल्यात मे महिन्यात भर दुपारी गाणं रेकॉर्ड करायचं तर पहिलं काम म्हणजे कूलर बंद करणं. कूलर थांबला की सहा-सात मिनिटं हातात असतात. तेवढ्यात मुखडा आणि एक अंतरा उरकला तर ठीक. नाहीतर गाणाऱ्याच्या कानामागचा घाम हेडफोनच्या गादीत उतरतो, तबलजीचा हात दर आवर्तनाला पावडरीच्या डब्याकडे जातो, आणि दाराबाहेर बसलेली गाणाऱ्याची आई हाक देते, "काहून बंद केला भाऊ कूलर? पोरगं उकडून निंघालं ना!" बाहेर पारा पंचेचाळीसच्या पुढे, डोक्यावर तापलेला स्लॅब, खिडक्यांना गाद्या ठोकलेल्या. मग कूलर पुन्हा लावायचा, सगळ्यांनी पाणी प्यायचं, दहा मिनिटांनी पुन्हा बंद. पाच मिनिटांच्या गाण्याला अशी अख्खी दुपार जाते.

घरगुती स्टुडिओवरची जेवढी पुस्तकं वाचली आणि जेवढे व्हिडिओ पाहिले, त्यांत मला कूलर कुठेच भेटला नाही. हे पुस्तक लिहायला बसलो त्याचं निम्मं कारण हे.

उरलेलं निम्मं कारण एक प्रश्न. आठवड्याला एक तरी पोरगा येतो. कधी दर्यापूरचा, कधी बाळापूरचा, कधी बडनेऱ्याहून मोटरसायकल हाकत आलेला. दारात चपला काढतो, खोलीभर नजर फिरवतो आणि विचारतो, "काका, सॉफ्टवेअरवर पैसे लावू का हार्डवेअरवर?" बापानं तुरीच्या पैशातून काही रक्कम दिलेली असते. तेवढ्यात एक बरा लॅपटॉप आणि रेकॉर्डिंगचं सॉफ्टवेअर येतं, किंवा मिक्सर, कीबोर्ड, इफेक्टचा डबा आणि स्पीकरची जोडी येते. दोन्ही येत नाही. ज्यानं आधी घेतलं तो मित्र एक सांगतो, दुकानदार दुसरं सांगतो.

आमच्याकडे हार्डवेअरचं दुकान म्हटलं की खिळे, कब्जे, नळाच्या तोट्या. एकदा एकाला मी "आधी हार्डवेअर घे" म्हणालो, तर तो खरंच तिकडे गेला आणि काय मागायचं ते न कळून परत आला. तेव्हा हसलो. आता वाटतं, तो बरोबर ठिकाणी गेला होता. दाराच्या फटीला लावायची रबरी पट्टी, वायरिंगच्या क्लिपा, अर्थिंगची तांब्याची तार, हे सगळं तिथंच मिळतं, आणि वऱ्हाडातल्या स्टुडिओचा पाया तिथूनच भरायला लागतो.

आमच्या भागातला आवाज नेहमी बाहेरगावी जाऊन टिकून राहिला. आकाशवाणीचं नागपूर केंद्र १६ जुलै १९४८ ला सुरू झालं, तेव्हापासून भजनी मंडळं आणि शाहीर गाडी पकडून नागपूरला जायचे. कॅसेटच्या काळात मुंबई. अमरावतीची मंडळी रात्रीच्या अमरावती एक्स्प्रेसनं, आम्ही अकोल्याहून विदर्भनं, पेटी आणि ढोलकी बाकाखाली सरकवून. विठ्ठल वाघांची तिफणीवरची कविता 'अरे संसार संसार' या १९८१ च्या चित्रपटातून महाराष्ट्रभर गेली. मुंबईच्या स्टुडिओत तासाच्या भाड्यावर गायचं म्हणजे घड्याळाकडे बघत गायचं. आमच्या गायकांच्या त्या काळच्या कॅसेटी ऐका, शेवटचा अंतरा हमखास घाईत आहे.

तिकडे जगात १९७९ साली टॅस्कॅम कंपनीनं साध्या कॅसेटवर चार ट्रॅक घेणारं पोर्टास्टुडिओ नावाचं यंत्र काढलं. ब्रूस स्प्रिंगस्टीन या अमेरिकी गायकानं त्यावर घरातच केलेलं रेकॉर्डिंग १९८२ मध्ये 'नेब्रास्का' नावानं जसंच्या तसं बाजारात आलं. मोठ्या बँडबरोबर पुन्हा वाजवून पाहिलं, पण खोलीतली गोष्ट त्यात उतरेना. मग १९८९ मध्ये क्यूबेस, १९९१ मध्ये प्रो टूल्स, १९९६ मध्ये प्लग-इनचा व्हीएसटी हा प्रकार आला आणि भिंतभर यंत्रं संगणकाच्या पोटात जाऊन बसली. हा इतिहास कुठेही वाचायला मिळतो, म्हणून पुस्तकात त्याला चारच पानं दिली आहेत.

त्यापेक्षा मला दुसरं एक रेकॉर्डिंग ऐकवावंसं वाटतं. गाडगेबाबा आमच्या अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावचे. २० डिसेंबर १९५६ ला त्यांनी देह ठेवला. त्याआधी महिना-दीड महिना, ८ नोव्हेंबरला, मुंबईत वांद्र्याला त्यांचं कीर्तन झालं, आणि ते ध्वनिमुद्रित झालं म्हणून आज आपल्याला बाबांचा आवाज ऐकू येतो. त्यात खरखर आहे, गर्दी आहे, बाबा माइकचा विचार करून बोलत नाहीत. तरी ते लोकांना प्रश्न विचारतात आणि लोक ओरडून उत्तर देतात, तेव्हा अंगावर काटा येतो. नवीन माणूस माझ्याकडे शिकायला आला की मी आधी त्याला हे ऐकायला बसवतो. सॉफ्टवेअरनं त्यातली खरखर साफ करता येते. मी एकदा करून पाहिली. खरखर गेली आणि तिच्याबरोबर मागची माणसंही गेली, उरला एकटा म्हातारा. ती फाइल पुसून टाकली.

आता विजेचं. या पुस्तकातलं सगळ्यात लांब प्रकरण विजेचं आहे आणि त्याबद्दल मला अजिबात संकोच नाही. स्पीकरमधून सतत जो 'हूंऽऽ' येतो त्याला आम्ही हम म्हणतो. आपल्याकडची वीज पन्नास हर्ट्झची. हा सूर पांढरी पाचच्या किंचित वर पडतो, काळी चारला पोहोचत नाही. बायका गातात त्या पट्ट्या नेमक्या याच. म्हणजे तंबोरा लावून गायिका पांढरी पाचमध्ये बसली की मागे विजेचा एक बेसूर तंबोराही बसतो. गाणारीला वाटतं आपला सूर हलतोय. तिचा काही दोष नसतो, घराचं अर्थिंग गेलेलं असतं.

ते जातं कसं? आमची काळी माती ओली असताना वीज उत्तम वाहून नेते, पण उन्हाळ्यात आकसते, हात जाईल एवढ्या भेगा पडतात आणि अर्थिंगच्या सळईला धरून बसलेली माती सळईपासून सुटते. पावसाळ्यात शांत असलेली खोली एप्रिल लागला की गुणगुणायला लागते ती त्यामुळे. मीठ-कोळसा घालून खड्डा नीट भरलेला असला तरी उन्हाळ्यात त्यात आठवड्याला दोन बादल्या पाणी ओतावं लागतं. सुरुवातीला मला हे ठाऊक नव्हतं. हम घालवायला मी महागडी केबल मागवली, मग मिक्सर बदलला. शेवटी शेजारच्या वायरमननं खड्ड्यात वाकून पाहिलं आणि म्हणाला, "काका, याले पानी पाजा ना."

सॉफ्टवेअरची बाजू इथं भारी पडते. लॅपटॉपचा चार्जर काढला आणि साउंड कार्ड लॅपटॉपच्याच यूएसबीवर चालणारं असलं की भिंतीतल्या विजेशी नातंच तुटतं. हम जागच्या जागी बंद. २००५ नंतरच्या भारनियमनाच्या वर्षांत गावाकडे बारा-बारा तास लाइट नसायची. तेव्हा माझा मोठा मिक्सर चादर पांघरून झोपलेला असायचा आणि गाणी व्हायची ती मित्राच्या लॅपटॉपवर, बॅटरी संपेपर्यंत. इन्व्हर्टरवर मिक्सर लावून पाहिला, पण स्वस्त इन्व्हर्टरची वीज चौकोनी लाटेची असते आणि ती आवाजात मधमाशीसारखी घोंगावते. साइन वेव्हचा इन्व्हर्टर घेतला तेव्हा ते थांबलं.

पण मे महिना लॅपटॉपलाही सोडत नाही. तापला की प्रोसेसर स्वतःचा वेग कमी करतो आणि रेकॉर्डिंगमध्ये कट-कट येते. मग बफर वाढवावा लागतो. बफर म्हणजे आलेला आवाज संगणक किती वेळ ओंजळीत धरून मग पुढे देतो ते. डिसेंबरात माझं काम १२८ सॅम्पलवर चालतं. मे महिन्यात तोच लॅपटॉप ५१२ मागतो. सेकंदाला ४८,००० सॅम्पलच्या हिशेबानं ५१२ म्हणजे जवळजवळ अकरा मिलिसेकंद. आकडा किरकोळ वाटतो, म्हणून मी पोरांना फुटात सांगतो. तेवढ्या वेळात आवाज हवेतून बारा फूट जातो. आत येताना बारा, बाहेर जाताना बारा. तबलजीला स्वतःचा तबला चोवीस फुटांवरून, अंगणापलीकडच्या ओसरीतून ऐकू आला तर तो लय कशी धरणार? चांगला वादक असला तर तोंडावर बोलत नाही, हात पुसतो आणि म्हणतो, "मागून येऊन राहिलं." साध्या मिक्सरमध्ये ही भानगड नाही. तारेत शिरलेला आवाज त्याच क्षणी हेडफोनमध्ये. म्हणून डायरेक्ट मॉनिटरिंगचं बटण नसलेलं साउंड कार्ड फुकट मिळालं तरी घेऊ नये, असं मी या पुस्तकात तीन ठिकाणी लिहिलं आहे. संपादकांनी दोन ठिकाणचं काढायला सांगितलं होतं. काढलं नाही.

माझं मत एव्हाना लक्षात आलं असेल. हवा आणि हात जिथं लागतात तिथं पैसा हार्डवेअरवर घालावा : माइक, साउंड कार्ड, हेडफोन, खोली. एकदा आवाज आत गेला की पुढचं सगळं, म्हणजे कापाकापी, इक्यू, कॉम्प्रेसर, रिव्हर्ब, सॉफ्टवेअरला द्यावं. एसएम५८ हा माइक १९६६ मध्ये आला आणि आजही त्याच नावानं विकला जातो. पडला, आदळला, जाळीला पोचा आला, तरी चालतो. सॉफ्टवेअरला एवढं आयुष्य नाही. मात्र 'हार्डवेअर म्हणजे टिकाऊ' असंही सरसकट समजू नका. माझ्याकडे फायरवायरच्या तारेवर चालणारं एक सुंदर साउंड कार्ड आहे. त्याला काही झालेलं नाही, पण ते जोडायचं भोकच नव्या लॅपटॉपला नाही. कपाटावर पडून आहे, खाली ठेवलं की नात त्याची बटणं फिरवत बसते.

तो मोठा मिक्सरही माझी चूकच. बाहेरगावच्या एका बंद पडलेल्या स्टुडिओतून चोवीस चॅनलचा उचलून आणला, टेम्पोत गाद्यांवर निजवून. पहिला उन्हाळा गेला आणि फेडर वर करताना कढईत पापड चुरडावा तशी खरखर यायला लागली. काळ्या मातीची धूळ पिठासारखी बारीक असते, दारं लावली तरी ती घरात असतेच. स्प्रे मारून साफ करायचं, दोन महिने बरं, पुन्हा तेच. तिसऱ्या वर्षी चोवीसातले नऊ चॅनल चालत होते. उलट बाजूनं सॉफ्टवेअरनंही एकदा नाक कापलं. भीमजयंतीच्या आधीची रात्र, १३ एप्रिल. सकाळी मिरवणुकीत वाजवायचं गाणं, मिक्सिंग अर्ध्यावर, आणि दीड वाजता पडद्यावर सूचना : लायसन्स तपासायचं आहे, इंटरनेट जोडा. इंटरनेट त्या संध्याकाळपासूनच गेलेलं. गच्चीवर मोबाइल धरून उभा राहिलो, कंपनीला मराठीत जे बोलायचं ते बोललो. गाणं पहाटे पाचला गेलं.

म्हणून लायसन्सबद्दल एक वेगळं प्रकरण आहे. आमच्याकडे सर्रास 'क्रॅक' टाकतात, हे मला माहीत आहे आणि वाचणाऱ्यालाही माहीत आहे. मी उपदेश करणार नाही. एवढंच की ऑडॅसिटी २००० सालापासून फुकट आहे आणि रीपरचं घरगुती लायसन्स साठ डॉलरला मिळतं. लग्नाच्या एका सुपारीत त्याचे पैसे निघतात.

सुपारीचा विषय निघाला तर आणखी एक. अमरावती-अकोल्यात स्टुडिओवर पोट भरणारे बोटांवर मोजावेत. पैसा असतो स्टेजवर : लग्न, जागरण, अंबादेवीची नवरात्र, श्रावणातल्या शेवटच्या सोमवारी राजेश्वराची कावड. तिथं लॅपटॉप उघडून बसायला कोणी देत नाही. तिथं लागतो ऑक्टापॅड आणि कीबोर्ड. त्यामुळे वाजवणारा पोरगा असेल तर मी त्याला सरळ सांगतो, आधी ऑक्टापॅड घे. तो रात्रीचे पैसे आणतो, त्यातून सॉफ्टवेअर येईल. ऑक्टापॅडच्या पॅचची आणि कीबोर्डच्या टोनची देवाणघेवाण हा आमच्या वादकांमधला एक स्वतंत्र बाजारच आहे. यंत्र हार्डवेअर आणि त्यातला माल सॉफ्टवेअर, हे त्यांना कोणी शिकवावं लागत नाही.

खोलीसाठी मात्र दुकानात जायची गरज नाही. कापसाच्या मुलखात राहून भिंतीला पुण्या-मुंबईहून मागवलेला पातळ फोम चिकटवणारी माणसं पाहिली की मला वाईट वाटतं. तो फोम फक्त वरचे सूर खातो, खोली बोदी आणि घुमट लागते. चार इंच जाडीची कापसाची गादी घ्या, भिंतीपासून चार इंच सोडून लाकडी चौकटीत उभी करा. मधली हवाही काम करते आणि गादीची पोच खालच्या सुरांपर्यंत जाते. कोपऱ्यांत जुन्या गाद्यांच्या वळकट्या उभ्या करा, ढोलकीच्या बायाची घुम तिथं जमा होते. पिंजून भरलेला कापूस जितका फुललेला तितका चांगला, म्हणून दोन-तीन वर्षांनी गादी पुन्हा भरून घ्यायची. फक्त कापूस पेट घेतो हे विसरू नका. त्या खोलीत उदबत्ती नको, लोंबकळणारी वायर नको.

अशा खोलीत खंजिरी कशी घ्यायची, यावर मी पाच पानं लिहिली आहेत. खंजिरी म्हटलं की आमच्याकडे तुकडोजी महाराज, मोझरी, आणि गावोगावची गुरुदेव भजनी मंडळं. वाद्य तळहाताएवढं, पण त्याची थाप आणि झांजांचा छणकारा एका क्षणात इतका उसळतो की मीटरचा काटा हलायच्या आत आवाज फाटलेला असतो. टेपवर थोडा फाटला तर टेप त्याला गोलाई द्यायची. डिजिटलमध्ये फाटला तो फाटलाच, कुठलंही सॉफ्टवेअर तो पूर्वीसारखा शिवून देत नाही. त्यावर इलाज सोपा आहे. कंडेन्सर माइक पेटीत ठेवा, साधा डायनॅमिक घ्या, कातड्याकडे तिरपा धरून दीड फूट लांब. चोवीस बिटमध्ये घेत असाल तर पातळी खालीच ठेवा. सोळा बिटला ९६ डेसिबलचा पल्ला मिळतो आणि चोवीसला कागदावर १४४ चा, म्हणजे खाली भरपूर जागा आहे. भजनवाले मात्र ऐकत नाहीत. तालमीला हळू वाजवून दाखवतात आणि लाल दिवा लागला की जोशात येतात. म्हणून तालमीला जेवढी पातळी लावली त्याच्या निम्म्यावर आणून मग सुरू करायचं.

शेवटचं प्रकरण स्टुडिओच्या बाहेरचं आहे. भाद्रपदी पौर्णिमेपासून कोजागिरीपर्यंत आमच्याकडे भुलाबाई बसते. टिपऱ्यांवर गाणी म्हणायची आणि मग डब्यातला खाऊ ओळखायचा. ती गाणी पाठ असलेल्या बायका आता सत्तरी-ऐंशीच्या आहेत. मूर्तिजापूरहून अचलपूरला जाणारी शकुंतला रेल्वे बंद पडली आणि तिच्या शिटीचं नीट रेकॉर्डिंग माझ्याकडे नाही. ती चूक या बायकांच्या बाबतीत करायची नव्हती. तिथं मी लॅपटॉप नेत नाही. पडदा उघडला की आजी पदर सावरून फोटोला बसल्यासारखी ताठ होते. सेलवर चालणारा हातातला रेकॉर्डर शेंगदाण्याच्या सुपाशेजारी ठेवला की पाच मिनिटांनी त्याचा विसर पडतो. एका माइकचं चोवीस बिट रेकॉर्डिंग मिनिटाला साडेआठ एमबीच्या आसपास जागा घेतं, म्हणजे तासाला अर्ध्या जीबीच्या थोडं वर. कार्ड भरायच्या आधी आजी दमतात.

घरी आणल्यावर मोह होतो. पहिल्या कडव्याला पांढरी चारमध्ये असलेली आजी सातव्या कडव्याला काळी तीनच्याही पुढे गेलेली असते, टिपऱ्याही हळूहळू पळत असतात. सूर सरळ करणारं ऑटो-ट्यून १९९७ मध्ये आलं. ते बनवणारा माणूस आधी तेलकंपन्यांसाठी जमिनीखालून परतणाऱ्या लाटा वाचण्याचं काम करायचा, तेच गणित त्यानं गळ्याला लावलं. दोन क्लिकमध्ये आजी सुरात येईल. माझ्या एका विद्यार्थ्यानं तसं केलं आणि ते घेऊन आजींकडे गेला. त्यांनी हेडफोन एका कानाला लावला, थोडं ऐकलं आणि विचारलं, "हे कोनाची सून म्हनून राहिली?"

पुस्तकातला क्रम असाच ठेवला आहे : आधी खड्डा आणि पाणी, मग गाद्या, मग माइक, मग साउंड कार्ड, आणि त्यानंतर सॉफ्टवेअर. ज्याला घाई असेल त्यानं सातव्या प्रकरणापासून वाचावं. पण एप्रिल लागला असेल तर आधी दोन बादल्या भरून घ्या.

अकोला, अक्षय्य तृतीया